वाडगाभर गुलाब

नमंगान, २९ जून १९८४

मस्तुरा पोरी,

सलाम. तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो, कारण तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. जावईबापूंना सलाम, दोन्ही नातींना माझा आशीर्वाद. चायखान्यातून फोन करत जा असं तू म्हणतेस, पण तिथे फोन एकाच्या हातात असतो आणि कान सगळ्यांचे लागलेले असतात. त्यापेक्षा हे बरं.

इथे चिल्ला बसलाय, उन्हाळ्यातले ते चाळीस जाळणारे दिवस. आता ऑगस्ट उजाडेपर्यंत ही अशीच भट्टी. माझा पाय घरात ठरत नाही. सकाळी चायखान्यात जातो, चहा सांगतो आणि चहा यायच्या आत उठतो. घरी आलो की अंगणात पाय ठेवायला जागा नाही, इतकी फुलं. तुझी आई गेल्या ऑक्टोबरात गेली हे या अंगणाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी एक बी टाकलेलं नाही. आयुष्यभर बस चालवली, मला स्टिअरिंग कळतं, रोप कळत नाही. तरी भिंतीलगतचा गुलखैरा माझ्या डोक्याच्या वर गेलाय, पायरीशी तेरडा, पाटाच्या कडेने कोंबडा आणि झिनिया, आणि तुळशीच्या वासाचा रैहान तर वाटेल तिथे. संध्याकाळी गुलबक्षी उघडली की त्या वासाने उगाच वाटतं, कुणीतरी अंगणात आलं. उठून बघतो. कुणी नसतं. मग राग येतो. कुणाचा ते विचारू नकोस.

पाणी घालतो, दुसरं काय करणार. गेल्या आठवड्यात भर दुपारी घालत होतो तर शेजारची सनोबर भिंतीपलीकडून म्हणाली, "तुर्गुन अका, झाडांना पाणी घालताय की उकडून खाताय?" तिचा नवरा हैदर सुतार गेल्यापासून ती तिकडे एकटीच असते, मुलगा ताश्कंदला, त्यामुळे तिला बोलायला कुणीतरी लागतं. त्याच दिवशी तिने भिंतीवरून वाडगाभर गरम मस्तावा दिला, भाताचं पातळ सूप. खाल्ला. चांगला होता. आता वाडगा रिकामा परत करायचा नसतो, एवढं तुझ्या आईने मला शिकवलंय. घरात चहाची पूड आणि वाळलेला नान, बाकी काही नाही. म्हणून गुलाब कापले, त्यात रैहान खोचला आणि वाडगा भरून भिंतीवरून दिला. ती तो हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मी म्हटलं, काटे काढलेत. मग वाडगा घेऊन आत गेली.

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी येतंच आहे, आणि मी गुलाब कापत बसतो. गुलाबांवर मावा पडलाय. आई त्यावर काय मारायची ते कळव.

तुझा बाप,
तुर्गुन

*

नुकूस, ९ जुलै

दादा,

सलाम. तुमचं पत्र हॉस्पिटलात मिळालं. ते वाचून मी चुकीच्या पेशंटला थर्मामीटर लावला.

दादा, तुम्ही हे काय करून बसलात? वाडगा रिकामा द्यायचा नसतो, बरोबर. पण त्यात मूठभर मनुका घालतात, साखरेचे खडे घालतात, अगदीच काही नसेल तर कच्चे तांदूळ घालतात. गुलाब घालत नाहीत. एकट्या पुरुषाने, विधवा बाईला, भिंतीवरून, सगळ्या मोहल्ल्यादेखत. आणि वर काटे काढून. तीस वर्षं शहरभर बस फिरवलीत, पण आपल्या गल्लीत कशाचा काय अर्थ लावतात हे तुम्हाला ठाऊक नाही? समोरची इनोबत दिवसभर छतावर जर्दाळू वाळवत बसलेली असते. तिने पाहिलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? आपल्याकडे बाईच्या हातात पुरुषाने फूल दिलं की त्यानंतर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चार बायका सोयरीक घेऊन जातात.

आईच्या वर्षाचा पुलाव अजून व्हायचाय. तो होईपर्यंत मी इथे रंगीत रुमालसुद्धा बांधत नाही, आणि तिकडे माझे वडील गुलाब वाटतायत. मला माहीत आहे तुमच्या मनात काही नाही. पण तिच्या मनात काही नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? दर दोन दिवसांनी वाडगा येतो म्हणता.

तुम्ही इकडे या. घराला कुलूप लावा. मुलींची खोली मोठी आहे, तुमचं तखत खिडकीशी लावू. इथे धूळ आहे, मीठ आहे, खिडकीतल्या डब्यात मी आईच्या रैहानचं बी टाकलं होतं ते उगवलंच नाही, पण तुमच्या ताटात गरम काहीतरी पडेल आणि माझा जीव टांगणीला राहणार नाही.

माव्यावर साबणाचं पाणी मारा. पायरीजवळच्या तेरड्याला हात लावू नका. त्याच्याच पाल्याने आई आमची नखं रंगवायची, पानं बांधून रात्रभर झोपवायची.

मस्तुरा

*

नमंगान, १८ जुलै

मस्तुरा,

तुझं पत्र येण्याआधीच मला कळलं होतं. चायखान्यात शिरलो तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मग म्हातारा शाकिर म्हणाला, "तुर्गुन, पुलाव वर्षाचा आहे की लग्नाचा? म्हणजे त्या हिशेबाने आम्ही पोट रिकामं ठेवू." सगळे हसले. मी चहा न पिताच निघालो. आता तू म्हणशील तो तर मी तसाही पीत नाही.

गोष्ट मी निस्तरली आहे. सनोबरचा वाडगा माझ्याकडे होता तो खडीसाखरेने भरला आणि भिंतीवरून देताना मोठ्याने, इनोबतला ऐकू जाईल असं म्हटलं, "सनोबर, ही साखर. ही फक्त साखर आहे." तिने वाडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कळलं, तुर्गुन अका. मी काही आंधळी नाही." तेव्हापासून वाडगा येणं बंद आहे. भिंतीपलीकडून आवाजही येत नाही. ती पूर्वी कोंबड्यांशी बोलायची, आता त्यांच्याशीही बोलत नसावी. निदान हळू बोलते. बरंच झालं. मला शांतता हवीच होती.

जेवणाची काळजी करू नकोस. चायखान्यात पोटभर खातो.

पाट आमच्याकडून भिंतीखालून तिच्याकडे जातो, आणि यंदा पाणी कमी, त्यामुळे तिचे डेलिया करपायला लागले होते. म्हणून मी आमच्या बाजूने तो जरा खोल खणला. यात काही अर्थ काढू नकोस, पाटाला अर्थ नसतो. डेलिया आता सावरलेत. तांबडे आहेत आणि एक पिवळा. स्टूल ठेवून त्यावर उभं राहिलं की भिंतीवरून दिसतात. तिचा उजवा गुडघा दुखतो, ती वाकून पाणी घालत नाही, बादली टेकवून टेकवून जाते. हे मी तुला सांगत नव्हतो, असंच आलं.

मी तिकडे येणार नाही. इथे पाणी कोण घालील?

तुर्गुन

*

नुकूस, २५ जुलै

सनोबर खाला,

सलाम. आईच्या आजारात तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते मी विसरलेले नाही, म्हणूनच तुम्हाला हे लिहायला जड जातंय. पण लिहायला हवं.

माझे वडील भोळे आहेत. ते काय करतात आणि लोक त्याचं काय करतात, यातलं अंतर त्यांना कळत नाही. तुम्हाला कळतं. वाडगा एकदा गेला तेव्हाच तुम्ही म्हणू शकला असता की तुर्गुन अका, हे बरं दिसत नाही. तुम्ही पुन्हा वाडगा पाठवलात. आता चायखान्यात त्यांच्यावर विनोद होतात, आणि माझ्या आईला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. ते मला फुलांबद्दल लिहायला बसतात आणि पान संपेपर्यंत तुमच्या गुडघ्याबद्दल लिहितात.

तुमचा अदहम तुम्हाला ताश्कंदला बोलावतोय असं ऐकते. मुलाकडे राहणं यात कमीपणा नाही. मी तुम्हाला जा म्हणत नाही. पण तुम्ही गेलात तर सगळ्यांचंच ओझं उतरेल, असं मला वाटतं.

राग मानू नका. मला आई एकच होती.

तुमची मस्तुरा

*

नमंगान, १ ऑगस्ट

मस्तुरा,

सलाम. तू माझ्या अंगणात खेळून मोठी झालीस, म्हणून तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर चुलीत घातलं असतं.

तुझे वडील तुला काय लिहितात ते मला माहीत नाही. मी पाहिलं ते लिहिते. चिल्ला बसला त्या आठवड्यात ते भर उन्हात गुलखैऱ्याखाली पडले होते. इनोबत छतावरून ओरडली, म्हणून कळलं. आम्ही दोघींनी त्यांना तखतावर आणून टाकलं आणि डोक्यावर ओली फडकी ठेवली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर मस्तुराला कळवू नका. चायखान्यात ते काही खात नाहीत. चायखानेवालाच मला सांगून गेला. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोक पाडलंय. तू नर्स आहेस, दुसऱ्यांच्या बापांना सलाइन लावतेस, तुला हे लांबून कसं दिसावं. मी भिंतीवरून मस्तावा दिला तो यासाठी.

आणि ती फुलं आपोआप उगवली असं ते सगळ्यांना सांगत फिरतात. तुझ्या आईने, हदीचाने, जाण्याआधी मला बियांच्या पुड्या दिल्या होत्या. म्हणाली, हा माणूस काही लावणार नाही, आणि उन्हाळ्यात उघड्या अंगणात बसून वेडा होईल. तू लाव, पण त्याला सांगू नकोस, नाहीतर उपकार झाले म्हणून तोंड लपवत फिरेल. मार्चमध्ये ते पेन्शन आणायला गेले की मी मागच्या दाराने जाऊन पेरत होते. गुडघा तेव्हाच गेला.

आता गुलाबांचं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की या माणसाच्या घरात दुसरं काही नाही म्हणून त्याने गुलाब भरलेत. मी चुकले नव्हते. गल्लीतल्या बायका चुकल्या आणि मी त्यांना सुधारलं नाही. छप्पन्न वर्षांच्या बाईला कुणी वाडगाभर गुलाब देत नाही, मस्तुरा. मला ते चार दिवस आवडले. एवढा एकच माझा दोष तुझ्या पत्रात यायला हवा होता, तो तुला सापडला नाही.

अदहमला मी कळवलं आहे. शनिवारी जाते. कोंबड्या इनोबतला दिल्या. तुझ्या वडिलांना काही बोललेले नाही, काय बोलणार. इनोबतला त्यांच्याकडे ताट पाठवायला सांगितलंय, पण तिचा हात खारट आहे.

सनोबर

*

नमंगान, ९ ऑगस्ट

मस्तुरा,

सनोबरच्या दाराला कुलूप आहे. इनोबत म्हणते ताश्कंदला गेली, राहायला. एका शब्दाने सांगून गेली नाही. मी साखर दिली ती चुकली का? की ते मोठ्याने बोललो ते? तू बाई आहेस, तुला कळत असेल.

चिल्ला उतरला, पण मला थंडावा वाटत नाही. फुलं अशी फुटून आलीत की बघवत नाहीत. सकाळी पाट सोडतो, भिंतीखालून पाणी पलीकडे जातं, आणि पलीकडे घ्यायला कुणी नाही. शिडी लावून पाहिलं. डेलिया ठीक आहेत. शिडीवर असा किती वेळ होतो कोण जाणे, खालून शाकिर म्हणाला, "उतर आता, जर्दाळूचा हंगाम संपला." मी उतरलो. त्याच्याशी बोललो नाही.

घरात बसवत नाही, बाहेर बसवत नाही. बसस्टँडवर जाऊन जुन्या गाडीत बसतो. ड्रायव्हर पोरगं चांगलं आहे, काही विचारत नाही.

तू म्हणत होतीस ना, इकडे या. येतो. ऑक्टोबरात वर्षाचा पुलाव झाला की घर विकून टाकू. नवे लोक हवं तर अंगणात फरशी घालतील. आता मला वाद घालायचा नाही.

तुझा बाप

*

ताश्कंद, २१ ऑगस्ट

दादा,

सलाम. वरचं गावाचं नाव बघून घाबरू नका. आधी वाईट ते सांगते. सनोबर खाला गेल्या त्या तुमच्या साखरेमुळे नाही, माझ्यामुळे. मी त्यांना पत्र लिहून जा म्हटलं. तसे शब्द वापरले नाहीत, पण अर्थ तोच होता. त्यांनी उत्तरात मला तुम्ही उन्हात पडल्याचं, पट्ट्याच्या भोकाचं, आणि आईच्या बियांचं लिहिलं. आपलं अंगण आपोआप उगवलेलं नाही, दादा. आईने बिया त्यांच्याजवळ दिल्या होत्या आणि त्यांनी तुमच्या पाठीमागे पेरल्या. हे कळल्यावरसुद्धा मी आठवडाभर गप्प राहिले, मला वाटलं होईल सगळं ठीक. मग तुमचं घर विकू असं पत्र आलं. मला जे हवं होतं तेच त्यात होतं आणि ते वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. तुम्ही वाद घालत नाही असं कधी झालेलं नाही.

सोयरीक घेऊन मुलाकडच्या बायका जातात. आपल्या घरात बाई मी एकटीच उरले. म्हणून मी रजा टाकली, विमानाने ताश्कंदला आले, बाजारातून दोन चांगले नान घेतले, रुमालात बांधले आणि अदहमच्या दारात जाऊन उभी राहिले. मुलाला न विचारता सोयरीक नेतात, तशी मी बापाला न विचारता नेली. आता ओरडू नका, झालं ते झालं.

अदहमच्या बायकोने चहा दिला. आम्ही रीतीप्रमाणे कलिंगडांबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो. मग मी बोलले. अदहमने चहाचा पेला खाली ठेवला. "मुलगा काय करतो?" म्हणाला.

"बस चालवायचा. आता निवृत्त."

"पितो?"

"पीत नाही. बडबडतो."

"वय?"

"लग्नाचं आहे," मी म्हटलं. त्याची बायको रुमालाआड हसली, तो हसला नाही. म्हणाला, "मस्तुरा आपा, माझी आई इथे आली त्या दिवशी रात्रभर बसून होती. पत्र लिहून तुम्हीच तिला घालवलंत, आणि आता तुम्हीच मागायला आलात? माझे वडील गेले तेव्हा तिच्यासाठी कुणी आलं नव्हतं. मी आता हो का म्हणू?"

जिची सोयरीक असते ती बाहेर येत नाही, पण सनोबर खाला आतून उठून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. मी त्यांना म्हटलं, मला भीती वाटली होती की तुम्ही आलात तर आई पुसली जाईल. त्या म्हणाल्या, "हदीचा पुसली जाणारी बाई नव्हती." मग मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सोयरीक घेऊन गेलेल्या बाईने असं करायचं नसतं, पण माझ्या मागे कुणी मोठं नव्हतं सांगायला.

पहिल्या फेरीत हो म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, आधी वर्षाचा पुलाव होऊ दे. आणि एक प्रश्न विचारलाय. तुमच्या वडिलांना बायको हवी आहे की स्वयंपाकीण? मी उत्तर द्यायला लागले तर म्हणाल्या, तू नको, त्यांनी स्वतः लिहावं. पत्ता खाली देते.

नकार असता तर नान परत आले असते. निघताना अदहमच्या बायकोने माझ्या रुमालात द्राक्षं बांधून दिली, नान आत ठेवून घेतले. मोडले मात्र नाहीत. मोडले की ठरलं. तिकडे ते फडताळात झाकून ठेवलेत आणि अदहम येता-जाता त्यांच्याकडे बघतो, असं ती आज बाजारात भेटली तेव्हा मला हळूच म्हणाली.

तुमची मस्तुरा

*

नमंगान, ४ सप्टेंबर

सनोबर,

सलाम. अदहमला, सूनबाईंना सलाम. मस्तुराने माझ्या परवानगीशिवाय जे केलं त्याबद्दल तिला मी वेगळं लिहिलंय. रागावून लिहायला बसलो होतो, तसं जमलं नाही.

तुमचा प्रश्न कळला. उत्तर त्याच दिवशी लिहिलं असतं, पण मनात आलं, कागदावर काय, कुणीही काहीही लिहील. म्हणून आधी चूल पेटवली. इनोबत दारात उभी राहून सांगत होती आणि मी मस्तावा करत होतो. पहिला जळला. त्यानंतरचा तिच्या सांगण्याप्रमाणे मीठ घातलं म्हणून कोंबड्यांनीही खाल्ला नाही. आता ती सांगते त्याच्या निम्मं घालतो. काल शाकिरला जेवायला बोलावलं. त्याने पुन्हा वाढून घेतला आणि चिडवलंही नाही, यावरून तुम्हाला अंदाज येईल. भांडी मी घासतो. पाणी सूर्य वर यायच्या आत घालतो, तुमच्याकडे जाणाऱ्या पाटातला गाळ काढलाय. तेव्हा मला स्वयंपाकीण नको आहे, आणि माळीणही नको आहे. त्या बियांबद्दल मी तुमच्याशी समोरासमोर भांडणार आहे, पत्रात नाही.

बायकोचं म्हणाल तर हदीचाची जागा मी कुणाला देणार नाही. तुम्हीही हैदरची जागा मला देऊ नका, तो माझा मित्र होता.

पण दिवसभरात काही झालं, कुणी काही बोललं, बाजारात टरबूज स्वस्त झालं, की ते सांगायला मी उठतो. आधी आत जायचो, हदीचा आत असायची म्हणून. हल्ली मी भिंतीकडे जातो. भिंतीशी पोचल्यावर आठवतं की तुम्ही नाही, मग अंगणभर फिरत राहतो, पाय दुखेपर्यंत. हे लिहायला मला लाज वाटली, म्हणून पत्राला उशीर झाला.

पुलाव ऑक्टोबरात आहे. तुम्ही शेजारीण म्हणून या, हदीचाची मैत्रीण म्हणून बायकांत बसा. ते झालं की मस्तुरा पुन्हा रीतीने येईल, या वेळी बरोबर इनोबतला घेऊन. मला तुम्ही हव्या आहात. अदहमला माझ्याकडून सांगा की मी त्याच्या मर्जीची वाट बघीन, पण माझं वय त्याने लक्षात घ्यावं.

नान मोडा.

तुर्गुन